डोंगरावर बर्फ आहे की नुसतं ऊन पडलंय? फोटोवरून ओळखायचं कसं - मदत हवी

रापण

नमस्कार मंडळी, वेंगुर्ल्याहून लिहितेय. माझं एम.एस्सी.चं प्रोजेक्ट सुरू आहे. हिमाचलात लाहौलच्या बाजूला एका उतारासमोर खांबावर कॅमेरा बसवलाय, तो दिवसभर दर तासाला एक फोटो काढतो आणि ते फोटो माझ्याकडे येतात. मला प्रत्येक फोटोत त्या उताराचा किती भाग बर्फाखाली आहे तो आकडा काढायचाय.

आता अडचण सांगते. बर्फ पांढरा, खडक काळपट, म्हणजे एक आकडा ठरवायचा, त्याच्यावरचं सगळं बर्फ आणि खालचं सगळं खडक, अशी सोपी पद्धत आहे आणि बऱ्याच ठिकाणी तीच वापरतात. २०११ साली साल्वातोरी आणि सहकाऱ्यांनी इटलीतल्या कॅमेऱ्यांसाठी एक रीत मांडली होती, त्यात फोटोतला फक्त निळा चॅनल (प्रत्येक पिक्सेलमधला निळ्याचा ० ते २५५ मधला आकडा) घ्यायचा, त्याचा हिस्टोग्राम, म्हणजे कुठल्या आकड्याचे किती पिक्सेल आहेत त्याचा आलेख, काढायचा आणि १२७ च्या पुढे जिथे पहिला खड्डा दिसेल तो थ्रेशोल्ड, म्हणजे सीमेचा आकडा, धरायचा. तीच मी वापरतेय. ढगाळ दिवशी उत्तर अगदी झकास येतं. पण लख्ख ऊन असलं की सकाळी अर्धा उतार सावलीत असतो आणि तिथला बर्फ प्रोग्रॅमला दिसतच नाही, दुपारी सावली सरकली की अचानक बर्फ "वाढतो", आणि चारनंतर परत "कमी" होतो. म्हणजे बर्फ ना पडला ना वितळला, तरी दिवसभरात ग्राफ वर-खाली वर-खाली. हा ग्राफ गाइडसमोर कसा ठेवू सांगा. कोणी असल्या फोटोंवर काम केलंय का इथे?

मिऱ्याबंदर

रापणताई, एक साधा प्रश्न. उपग्रहाचे फोटो फुकट मिळतात की, मग कॅमेऱ्याच्या मागे का लागायचं?

रापण

@मिऱ्याबंदर, उपग्रह वापरणार आहेच, पण पडताळणीसाठी. रोज येणारा मोडिसचा (नासाच्या उपग्रहांवरचा सेन्सर) पिक्सेल ५०० मीटरचा, त्यात माझा अख्खा उतार दोन-चार चौकोनांत संपतो. सेंटिनेल-२ हा युरोपचा उपग्रह बारीक बघतो पण तो दर पाच दिवसांनी येणार आणि नेमका त्या दिवशी ढग असला की गेलं. बर्फ पडतो तेव्हा ढग असतोच ना वर! कॅमेरा ढगाच्या खाली असतो आणि दर तासाला बघतो, ही त्याची मोठी जमेची बाजू.

कातळसडा

ताई, तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, कारण हा घोळ फार जुना आहे आणि लोक तो सॉफ्टवेअर बदलून सोडवायला जातात. मी रत्नागिरीत असतो, नोकरीत बरीच वर्षं उपग्रहाच्या प्रतिमांवर काम केलंय, जमेल तसं सांगतो.

आधी उपग्रहाला हे सोपं का जातं ते बघा. बर्फ आपल्या डोळ्याला दिसणाऱ्या उजेडात भरपूर चमकतो, पण १.६ मायक्रॉनच्या आसपासच्या इन्फ्रारेडमध्ये तो जवळजवळ काळा असतो. खडकाचं आणि पाण्याच्या थेंबांच्या ढगाचं तसं होत नाही. म्हणून उपग्रहवाले हिरवा आणि तो इन्फ्रारेड घेऊन दोघांची वजाबाकी भागिले बेरीज करतात, ०.४ च्या वर आलं की साधारण बर्फ धरतात. उजेड निम्मा झाला तरी वरचं आणि खालचं दोन्ही निम्मं होतं, उत्तर फारसं हलत नाही. आपल्या साध्या कॅमेऱ्याचा सेन्सर सिलिकॉनचा, तो १.१ मायक्रॉनच्या पुढे आंधळा. म्हणजे ती किल्ली आपल्या हातातच नाही. आपल्याकडे लाल, हिरवा, निळा एवढेच तीन आकडे.

आता एक हिशेब मांडतो, आकडे समजण्यापुरते धरलेत. समजा ताजा बर्फ पडलेल्या उजेडातला ९० टक्के परत पाठवतो आणि खडक २० टक्के. समजा सावलीत उन्हाच्या १५ टक्के उजेड पोचतो, तो नुसता आकाशाचा. मग उन्हातला बर्फ ०.९, उन्हातला खडक ०.२, सावलीतला बर्फ ०.९ गुणिले ०.१५ म्हणजे ०.१३५, आणि सावलीतला खडक ०.०३. जेपेग फोटोत गॅमा लागतो, म्हणजे काळपट भाग उजळ करणारं एक गणित, तो २.२ धरला तर हे आकडे ० ते २५५ मध्ये साधारण असे उतरतात: उन्हातला बर्फ २४३, उन्हातला खडक १२३, सावलीतला बर्फ १०३, सावलीतला खडक ५२.

बघा नीट. सावलीतला बर्फ उन्हातल्या खडकापेक्षा काळा आहे! आता या चौघांमध्ये एकच रेघ कुठे मारणार? १२७ ला मारली तर सावलीतला सगळा बर्फ गेला, १०० ला मारली तर उन्हातला सगळा खडक बर्फ झाला. कुठलाच एक आकडा बरोबर येणार नाही, कितीही हुशारीने काढा. पण तेच उन्हातले पिक्सेल वेगळे आणि सावलीतले वेगळे केले तर? उन्हात २४३ विरुद्ध १२३, सावलीत १०३ विरुद्ध ५२. दोन्हीकडे भरपूर जागा आहे. म्हणून माझं म्हणणं एवढंच की बर्फ शोधायच्या आधी उजेड शोधा. प्रत्येक पिक्सेलवर त्या क्षणी कसला उजेड पडलाय हे आधी ठरवा, "बर्फ का?" हा प्रश्न त्याच्यानंतर.

रापण

काका, हा हिशेब प्रिंट काढून भिंतीवर लावतेय. पण सावली कुठे आहे हे फोटोवरून कसं कळणार? काळं दिसतंय म्हणून सावली म्हणायचं तर परत तेच, काळा खडक असू शकतो.

कातळसडा

फोटोवरून काढूच नका, सूर्यावरून काढा. अक्षांश, रेखांश, तारीख, वेळ दिली की सूर्य आकाशात नेमका कुठे आहे हे गणिताने येतं, आणि ३० मीटरचे उंचीचे नकाशे फुकट मिळतात. त्यावर सूर्य ठेवला की कुठला उतार उन्हात, कुठल्या कड्याची सावली कुठवर, हे कॉम्प्युटर सांगतो. तो नकाशा तुमच्या कॅमेऱ्याच्या चौकटीत बसवायचा. त्यासाठी फोटोतली ओळखू येणारी टोकं, सुळका, मोठा धोंडा, ओढ्याचं वळण वगैरे नकाशावर शोधून जुळवायला लागतात, कंटाळवाणं काम आहे पण कॅमेरा हलला नाही तर एकदाच करायचं. या जुळणीसाठी आणि बर्फ वेगळा करण्यासाठी 'प्रॅक्टिस' नावाचं मॅटलॅबमधलं सॉफ्टवेअर २०१३ पासून उपलब्ध आहे, ते बघा. त्याच्या पुढच्या आवृत्तीत सावलीतल्या बर्फाचा वेगळा विचार केलाय.

आणि लाहौलचा सूर्य आपल्यासारखा नाही हे लक्षात घ्या. २१ डिसेंबरला भर दुपारी रत्नागिरीत सूर्य जवळजवळ ५० अंशांवर असतो, तिकडे ३४ च्या आसपास. म्हणजे बरोबर उत्तरेकडे तोंड केलेला आणि ३४ अंशांहून उभा उतार त्या दिवशी भर दुपारीसुद्धा ऊन बघत नाही. आणि बर्फ टिकतो तो तिथेच! सावली वगळून टाकली तर जो बर्फ मोजायचा तोच वगळला जातो.

पांढरा_समुद्र

मी फोटोग्राफर, लग्नं आणि प्रीवेडिंग करतो, त्यामुळे पांढरं कापड आणि पांढरी वाळू यांच्याशी रोजची मारामारी. तुमच्या चर्चेत एक गोष्ट कोणीच बोललं नाही. तुमचा कॅमेरा ऑटोवर आहे का? असेल तर वरचे २४३ न् १२३ विसरा. ऑटो एक्स्पोजर समोरचं सगळं मधल्या राखाडीवर आणायला बघतो. अख्खी फ्रेम बर्फाची झाली की तो उजेड कमी करणार आणि बर्फ राखाडी येणार. थोडा बर्फ आणि बाकी काळा डोंगर असेल तर तो उजेड वाढवणार आणि तोच बर्फ फुटून २५५ ला जाऊन बसणार, त्यात काहीच तपशील उरत नाही. आम्ही इथे पांढऱ्या समुद्रावर शूट करताना एक्स्पोजर एक ते दोन स्टॉप वर ढकलतो (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट) ते याच्यासाठीच, नाहीतर वाळू मळकट येते. म्हणजे तुमच्याकडे बर्फ किती आहे यावरूनच बर्फाचा आकडा बदलतोय, ते फार वाईट.

ऑटो व्हाइट बॅलन्स असेल तर तोही बंद करा आणि डेलाइटवर कायम ठेवा. सावलीतला बर्फ निळा दिसतो कारण त्याच्यावर निळ्या आकाशाचा उजेड पडतो, ती निळाई तुमच्या कामाची खूण आहे आणि ऑटो व्हाइट बॅलन्स नेमकी तीच पुसून टाकतो.

रापण

कॅमेरा ऑटोवरच आहे, आणि तिकडे आता कोणी जाऊ शकणार नाही, वाट बंद आहे. जुने फोटो तर बदलता येतच नाहीत. आहे त्यात काही होईल का?

पांढरा_समुद्र

फोटोच्या फाइलमध्ये शटर, अॅपर्चर, आयएसओ लिहिलेलं असेल तर त्यावरून मागे जाता येतं, आधी गॅमा काढून. नसेल तर फ्रेममध्ये कधीच बर्फ धरत नाही अशी जागा शोधा. उभा कडा, खांब, एखादी भिंत. उन्हातली एक आणि सावलीतली एक. त्या दोन जागांचे आकडे प्रत्येक फोटोत किती येतात ते बघा आणि बाकीचं त्यांच्या तुलनेत मोजा.

हापूस_देवगड

रापणताई, माजो बर्फाशी कायएक संबंध नाय, पण उजेडाचो ह्यो घोळ माका बरो म्हायत आसा. बागेत एक जुनो मोबाईल खांबाक बांदून ठेवलंय, मोहोर कधी फुटता ता रोज बघूचा म्हणान. सकाळी धुक्यान सगळा राखाडी, दुपारी पालवी तांबडी दिसता, सांजेक सगळाच पिवळा. मगे माझ्या भाच्यान सांगल्यान की हिरव्याचो आकडो घे आणि लाल, हिरवो, निळो तिघांच्या बेरजेन भाग. तसा केल्यार उजेड कमी-जास्त झालो तरी आकडो लय हलत नाय. बर्फाक ता चलात काय?

कातळसडा

हापूसभाऊ, तुमच्या भाच्याने अगदी योग्य तेच सांगितलंय, अमेरिकेतलं फेनोकॅमचं जाळं झाडांची पालवी याच गुणोत्तरावर मोजतं. आणि प्रश्न फार चांगला विचारलात, कारण त्याच्या उत्तरात सगळी मेख आहे.

मोहोर आणि पान यांच्यात फरक रंगाचा आहे. भागाकार केला की उजेडाचं कमी-जास्त निघून जातं आणि रंग उरतो, तुम्हाला तोच हवा. आता बर्फ घ्या. बर्फाचे लाल, हिरवा, निळा जवळजवळ सारखे. प्रत्येकाला बेरजेने भागलं की एक-तृतीयांश, एक-तृतीयांश, एक-तृतीयांश. आणि राखाडी खडक? त्याचेही तिन्ही सारखेच, म्हणजे परत एक-तृतीयांश! दोघांत फरक आहे तो फक्त किती उजेड परत येतो याचा, आणि भागाकाराने आपण नेमका तोच फेकून देतो. मोहोराच्या कामात उजेडाची कटकट भागून टाकता येते, बर्फाच्या कामात ती टाकता येत नाही, मोजायलाच लागते.

पांढरा_समुद्र

काकांचा हिशेब वाचून राहवलं नाही म्हणून आज दुपारी घरामागे एक प्रयोग केला. आमच्या आवाराला जांभ्याच्या चिऱ्यांचा गडगा आहे, त्याचा काही भाग चुन्याने रंगवलेला आणि काही तसाच लाल. चारच्या सुमारास शेजारच्या घराची सावली बरोबर रंगवलेल्या भागावर येते आणि उघडा चिरा उन्हात राहतो. ट्रायपॉड लावला, सगळं मॅन्युअल, रॉ फाइल (कॅमेऱ्याने काही बदल न केलेली). मग तिन्ही चॅनल वेगवेगळे उघडून बघितले.

लाल चॅनलमध्ये उन्हातला चिरा सावलीतल्या चुन्यापेक्षा चांगलाच उजळ. म्हणजे लाल बघून कोणी ठरवलं तर चिऱ्याला बर्फ म्हणेल आणि चुन्याला खडक. आणि निळा चॅनल उघडला तर बरोब्बर उलटं, चिरा काळाकुट्ट आणि सावलीतला चुना त्याच्यापेक्षा स्पष्ट उजळ! दोन्ही चित्रं शेजारी-शेजारी ठेवून बघितली तेव्हा निळाच चॅनल का घेतात ते कळलं. चिरा निळा उजेड गिळतो आणि सावलीत येणारा उजेड मुळात निळा असतो, दोन्ही बाजूंनी फायदा.

कातळसडा

वा, असं करून बघणारे पाहिजेत. ताई, हे दोन फोटो मागून घ्या, तुमच्या रिपोर्टात शोभतील.

फक्त एक जपून. आपला जांभा लोखंडाच्या गंजाने लाल झालेला दगड, म्हणून निळ्यात तो इतका काळा. तिकडचा खडक बऱ्याच ठिकाणी राखाडी, लाहौलात शिस्ट, नाइस, ग्रॅनाइट, आणि स्पितीकडे तर फिकट चुनखडकही आहे. राखाडी खडक निळ्यातही लालइतकाच उजळ, मग निम्मा फायदा गेला. सावलीतल्या उजेडाची निळाई तेवढी उरते. म्हणून निळा चॅनल घ्या, पण त्याच्यावर एकट्यावर विसंबू नका. निळा भागिले लाल हे गुणोत्तर सावलीचा नकाशा बरोबर बसलाय का ते तपासायला वापरा.

खाडीकाठी

एवढी सगळी यातायात कशाला? मी सॉफ्टवेअरमध्ये आहे, दाभोळचा. यू-नेट ट्रेन करा. फोटोतला कुठला भाग कशाचा हे उदाहरणांवरून शिकणारं २०१५ चं मॉडेल आहे, मुळात सूक्ष्मदर्शकातल्या पेशींच्या प्रतिमांसाठी केलेलं, थोड्या फोटोंवरही चांगलं शिकतं. काही फोटोंवर हाताने बर्फ रंगवून द्या, सावलीतला पण रंगवा, ते आपोआप शिकेल की निळसर काळपट म्हणजे सावलीतला बर्फ. माणसाला फोटो बघून कळतंच ना, मग मॉडेललाही कळेल.

कातळसडा

शिकेल, मी विरोधात नाही. पण दोन गोष्टी. एक म्हणजे तपासणी कशी करणार? एकाच फोटोतले काही पिक्सेल शिकायला आणि काही तपासायला ठेवले तर मार्क छान पडतील आणि त्यांना काही अर्थ नसेल, शेजारचे पिक्सेल आणि पुढच्या तासाचा फोटो जवळजवळ तेच असतात. तारखेप्रमाणे वेगळे करा, शक्य असेल तर अख्खा सीझन बाजूला ठेवा.

दुसरं, भर हिवाळ्यात सगळा उतार पांढरा असतो. तेव्हा "सगळं बर्फ" एवढं एकच उत्तर पाठ करून ठेवलेलं मॉडेलही ९५ टक्के बरोबर निघेल. खरी परीक्षा ऑक्टोबर-नोव्हेंबरात आणि एप्रिलनंतर, जेव्हा चट्टे-चट्टे असतात. आणि सावलीचा निकाल वेगळा छापा, उन्हाचा वेगळा. एकत्र सरासरीत सावलीतली चूक लपते.

खाडीकाठी

तारखेप्रमाणे वेगळं करायचं हे मान्य, आमच्या फील्डमध्येही लोक तिथे घसरतात. पण सूर्याचा नकाशा आणि मॉडेल यांच्यात भांडण कशाला? तो सावलीचा नकाशा मॉडेलला चौथा चॅनल म्हणून द्या. लाल, हिरवा, निळा आणि "इथे ऊन पोचतं का". मग त्याला सावली अंदाजाने शिकायला लागणारच नाही.

कातळसडा

हे उत्तम. हे मला सुचलं नसतं. ताई, आधी साध्या थ्रेशोल्डने ऊन-सावली वेगळं करून बघा, मग हे करा, म्हणजे मॉडेलने नक्की किती भर घातली ते कळेल.

थ्रेशोल्ड आपोआप काढायला १९७९ ची ओत्सूची पद्धत सोपी आहे, पण ती कुठल्याही फोटोचे दोन भाग करतेच करते. अख्खा उतार पांढरा असला तरी ती त्यातल्या कमी पांढऱ्याला खडक म्हणणार. हिस्टोग्रामला खरंच दोन उंचवटे आहेत का ते आधी बघा.

फौजी_संगमेश्वर

सगळं वाचतोय, कॉम्प्युटरचं फारसं कळत नाही, पण बर्फात नोकरी काढली आहे म्हणून बोलतो. तुम्ही सगळे बर्फ पांढरा धरून चाललात. बाळांनो, पांढरा तो पहिल्या दिवसाचा. मार्च-एप्रिलात धूळ उडून बसते आणि बर्फ चहाच्या रंगाचा होतो, हिमकडा कोसळून आला असेल तर त्यात माती, दगड, झाडाच्या फांद्या सगळं कालवलेलं, लांबून बघितलं तर कोणी बर्फ म्हणणार नाही पण पाय टाकला की कमरेपर्यंत. आणि धारेवर वारा इतका की बर्फ पडतो तिथे राहतच नाही, पलीकडच्या घळीत जाऊन साठतो. म्हणून वरचा भाग उघडा आणि खालचा पांढरा असं दिसलं तर प्रोग्रॅम चुकला असं लगेच समजू नका, तसं खरंच असतं.

आणि एक, ढग खाली उतरून बर्फाला टेकला की सगळं एकसारखं पांढरं होतं. सावली नाही, चढ-उतार कळत नाही, समोर खड्डा आहे का टेकाड तेही दिसत नाही, दोरी धरून चालायचं. तिथे उभा असलेल्या माणसाला कळत नाही तर तुमच्या कॅमेऱ्याला काय कळणार?

रापण

फौजीकाका, खूप खूप आभार, हे मला कुठल्याही पेपरात असं वाचायला मिळालं नसतं. घळीतल्या बर्फाचा एक पट्टा मला दिसत होता जो मे महिन्यापर्यंत टिकतो आणि मी तो फिकट खडक समजून वगळणार होते, आता थांबते.

कातळसडा

फौजीसाहेबांनी मुद्द्याचं सांगितलं. धुळीचं तर उलटंच होतं, धूळ निळा उजेड जास्त गिळते, म्हणजे ज्या निळ्या चॅनलवर आपली सगळी मदार तोच जुन्या बर्फाला आधी दगा देतो. अशा वेळी एकाच फोटोकडे बघून भागणार नाही, त्याच पिक्सेलचा मागचा-पुढचा इतिहास बघायला लागतो. काल बर्फ होता, परवापर्यंत दाट होता, आज थोडा पिवळट झालाय, तर तो एका रात्रीत खडक होत नाही. ढगाची सावली मिनिटांत सरकते, डोंगराची सावली रोज ठरल्या वेळी त्याच जागी येते, बर्फ पडतो तेव्हा एकदम येतो आणि जातो तेव्हा खालून वर, उन्हाच्या बाजूने आधी. या चौघांची चाल वेगवेगळी आहे. त्या चालीवरून बर्फ जास्त खात्रीने ओळखता येतो.

आणि धुक्याचं म्हणाल तर तिसरा खाना करा: "दिसत नाही". धारेची कड, सुळक्याची रेघ अशा कायम दिसणाऱ्या चार-पाच कडा ठरवून ठेवा, त्या फोटोत सापडल्या नाहीत तर तो फोटो मोजायचाच नाही. भिंगावर बर्फ चिकटला असेल तेही यातच पकडलं जातं. रिकामी जागा ठेवलेली परवडली, खोटा आकडा नको.

रापण

अपडेट देते. सूर्याचा नकाशा केला, कॅमेऱ्याच्या चौकटीत बसवला, पण सावल्या जुळतच नाहीत. गणित म्हणतं डावीकडच्या सोंडेची सावली ओढ्यापर्यंत यायला पाहिजे आणि फोटोत ती भलत्याच बाजूला. जुळवायची टोकं परत तपासली, ती बरोबर आहेत.

कातळसडा

घड्याळ! फोटोवरची वेळ भारतीय आहे की ग्रीनिचची? साडेपाच तासांचा फरक असला तर सकाळचा सूर्य दुपारी जातो. बरेच लॉगर, म्हणजे आपोआप नोंदी करणारी यंत्रं, ग्रीनिचवर लावलेले असतात.

दुसरं, भारतीय वेळ घेतलीत तरी ती ८२.५ रेखांशाची आहे. तुमचा उतार ७७ च्या आसपास, म्हणजे तिथे सूर्य माथ्यावर येतो तो साधारण बारा वाजून बावीस मिनिटांनी, तारखेप्रमाणे त्यात काही मिनिटं इकडे-तिकडे. सूर्याच्या गणिताची चांगली तयार प्रोग्रॅम-लायब्ररी हे आपोआप धरते, पण तुम्ही हाताने सूत्र लिहिलं असेल तर बघा.

रापण

ग्रीनिचच निघाली काका! साडेपाच तास मिळवले आणि सावलीची कड ओढ्यावर जिथल्या तिथे जाऊन बसली, एका ठिकाणी तर धोंड्याची सावली पण जुळली. मग ऊन आणि सावलीला वेगळे थ्रेशोल्ड लावले, संदर्भाला उजवीकडचा उभा कडा घेतला. सकाळचा तो खोटा खड्डा ग्राफमधून जवळपास गेला. संध्याकाळचा अजून आहे, शेवटच्या तासात सगळं तांबूस होतं आणि निळा चॅनल पार बसतो.

पांढरा_समुद्र

तो तास सोडून द्या ताई. सूर्य क्षितिजाजवळ असला की उजेडाचा रंगच मिनिटा-मिनिटाला बदलतो. आम्ही त्या वेळेसाठी पैसे घेतो पण मोजमापाला ती वेळ नको. सूर्य अमुक अंशांच्या वर असेल तेव्हाचेच फोटो घ्यायचे अशी अट टाका.

मिऱ्याबंदर

एक माहिती म्हणून. गोव्यात वास्कोला राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे, त्यांनी २०१६ साली स्पितीत 'हिमांश' नावाचं हिमालयातलं संशोधन केंद्र सुरू केलं, साडेतेरा हजार फुटांच्या वर. वेंगुर्ल्यापासून वास्को किती लांब? प्रोजेक्टनंतर तिकडे विचारून बघा ताई. कोकणातल्या पोरांनी समुद्राचंच शिकायला पाहिजे असं थोडंच आहे.

रापण

हो, गाइडनी पण ते नाव सांगितलंय, नक्की विचारेन.

शेवटचा प्रश्न. आकडा काढताना बर्फाचे पिक्सेल भागिले एकूण पिक्सेल करतेय, ते बरोबर ना?

कातळसडा

नाही, थांबा. कॅमेऱ्याजवळचा पिक्सेल जमिनीचा हातभर तुकडा दाखवतो आणि लांबचा पिक्सेल कित्येक मीटरचा. नुसते पिक्सेल मोजले तर पायाजवळचा छोटा चट्टा समोरच्या अख्ख्या घळीपेक्षा मोठा ठरतो. उंचीचा नकाशा बसवलाच आहे, तर प्रत्येक पिक्सेलमागे जमीन किती चौरस मीटर आहे ते त्यातूनच निघेल, त्याने गुणा.

आणि हाताने रंगवायचे फोटो दोन जणांना स्वतंत्र रंगवायला द्या, एकमेकांचं न बघता. सावलीत दोन माणसांचं जिथे जुळत नाही तिथे मॉडेलकडून जास्त अपेक्षा करण्यात अर्थ नाही.

फौजी_संगमेश्वर

रंगवायला मी येतो. नातू लॅपटॉपवर दाखवेल कसं करायचं ते. कुठला जुना बर्फ आणि कुठला खडक हे मी सांगू शकेन, पण फोटोबरोबर तारीख आणि वेळ द्या पोरी, नुसता फोटो नको, ऊन कुठून येतंय ते कळल्याशिवाय मी सांगणार नाही.

रापण

काका, उद्याच पाठवते. तारीख, वेळ, आणि सूर्य कुठल्या बाजूला होता त्याचा बाणही काढून देते. आधी एप्रिलचे पाठवू का मे महिन्याचे?

फौजी_संगमेश्वर

एप्रिलचे पाठव. मे मध्ये कठीण जाईल, त्याच्याआधी हात बसू दे.